पोटातल्या पाण्यात लघवीची पट्टी बुडवून निदान होतं का?

सातपूरची_सून
सासरे ६४ वर्षांचे, लिव्हर सिरोसिस. जलोदर आहे, अधूनमधून पाणी काढावं लागतं. राहायला घोटीला. रविवारी संध्याकाळी असंबद्ध बोलायला लागले, जेवणावरची वासना गेली. ताप अजिबात नव्हता. तिथल्याच डॉक्टरांनी सुईने थोडं पाणी काढलं आणि त्यात चक्क लघवी तपासायची पट्टी बुडवली! घड्याळाकडे बघत थांबले, मग म्हणाले, "जांभळी आली. इन्फेक्शन दिसतंय, इंजेक्शन देतो, तुम्ही नाशिकला निघा." आता नाशिकला ॲडमिट आहेत. दीर सारखे म्हणतायत की त्या डॉक्टरने येड्यात काढलं. पाण्याचा रिपोर्ट: टोटल काउंट ९२०, पॉलिमॉर्फ ७५ टक्के, कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) यायचंय. कुणाला यातलं कळतं का?

गोदाकाठ
लघवीची पट्टी लघवीलाच. बाकी सगळा जुगाड.

लॅबवाला_द्वारका
गोदाकाठ, थांबा जरा. पट्टीला पाणी कुठलं हे कळत नाही, तिला पांढऱ्या पेशींतलं एस्टरेज कळतं. इन्फेक्शन झालं की न्यूट्रोफिल, म्हणजेच पॉलिमॉर्फ, तिथे गोळा होतात. त्यांच्यातल्या या एन्झाइममुळे ल्युकोसाइटचा चौकोन जांभळट होतो. साधारण दोन मिनिटांनी वाचायचा. म्हणून ते घड्याळ, ताई.

आता तुमचा रिपोर्ट. ९२० चे ७५ टक्के म्हणजे ६९०. जलोदराच्या पाण्यात एका घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त पॉलिमॉर्फ आले की इन्फेक्शन धरतात आणि कल्चरची वाट न बघता औषध चालू करतात. दिरांना एवढा गुणाकार दाखवा. काउंट तेवढाच, पण लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीच जास्त असत्या, तर आम्हाला आधी टीबीची शंका आली असती, आणि तिथे ही पट्टी गप्प बसू शकते.

पण पट्टीची आरतीही ओवाळू नका. ती लघवीसाठी बेतलेली. फ्रान्समध्ये हजारावर रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. त्यात एका कंपनीच्या पट्टीने निम्म्याहून जास्त इन्फेक्शनं हुकवली. दुसऱ्या पट्ट्यांचे आकडे बरेच चांगले आलेत, खास जलोदराच्या पाण्यासाठी बनवलेलीही निघाली आहे. शिवाय पाण्यात रक्त किंवा दुधाळपणा असला की रंग वाचताना घोळ होतो. आणि बाटलीचं झाकण उघडं राहिलं, त्यात आपल्या इगतपुरी-घोटीचा पाऊस, मग ती पट्टी कसली! माझ्या मते पट्टी जांभळी आली तर धावा, नाही आली तरी काउंट कराच. काउंटला तरी काय लागतं? जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं पाणी, काचेचा चेंबर, मायक्रोस्कोप आणि मोजणारा माणूस. रविवारी रात्री नेमका तो माणूसच नसतो. पट्टी काही रुपयांत येते आणि तिला सुट्टी नसते.

निवासी_डॉक्टर
वरचं बरोबर आहे. ताप नसणं, पोट न दुखणं हे या इन्फेक्शनमध्ये नेहमीचं. नुसती बडबड किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढणं एवढंच दिसतं कधीकधी. म्हणून सिरोसिसचा जलोदरवाला पेशंट ॲडमिट झाला की पाणी तपासायचंच, उद्यावर टाकायचं नाही. ताई, अल्ब्युमिन (शिरेतून देतात ते प्रोटीन) चालू केलंय का ते विचारा. पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम, किडनी वाचवायला. महाग असतं, बिल बघून दचकू नका.

सातपूरची_सून
अल्ब्युमिन चालू आहे, बिल बघून दचकून झालं. 😐 दिरांना गुणाकार दाखवला, म्हणाले "बरं". कल्चर निगेटिव्ह आलं तर इंजेक्शन बंद करतील का?

लॅबवाला_द्वारका
नाही. काउंट एवढा असताना कल्चर निगेटिव्ह येणं खूपदा होतं, पाण्यात जंतू मुळात थोडेच असतात. पाणी खाटेजवळच ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं तर सापडायची शक्यता वाढते, साध्या डबीत आमच्याकडे आलं की कमी. तुमचं कशात पाठवलं ते सिस्टरला विचारा. आणि ४८ तासांनी पुन्हा पाणी काढतील, तेव्हा कुरकुर करू नका. ६९० चा आकडा निदान चौथाईने तरी उतरला पाहिजे, नाहीतर औषध बदलायचा विचार करतात.

सातपूरची_सून
विचारलं. ब्लड कल्चरच्या बाटलीतच पाठवलंय. मंगळवारी संध्याकाळी परत काढणार आहेत, आकडा आला की इथे टाकते.