टेक्सास : व्हिसा २०२८चा, पण लायसन दोन महिन्यांत संपतंय (एच-४)

कराडची_पमा :
नमस्कार मंडळी. नमनाला घडाभर तेल नको, थेट विचारते.

मी डॅलसजवळ फ्रिस्कोत राहते, एच-४वर (एच-१वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा). नवऱ्याचं एच-१ (नोकरीचा व्हिसा) २०२८पर्यंत मंजूर, माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाही तेवढाच. तरी माझं ड्रायव्हिंग लायसन दोन महिन्यांत संपतंय! रिन्यू करायला गेले तर काउंटरवरच्या बाईंनी माझ्या आय-९४च्या (अमेरिकेत शिरताना मिळणारी मुक्कामाची नोंद) तारखेवर पेनाचं टोक ठेवलं, मग लायसनवरच्या तारखेवर ठेवलं. दोन्ही एकच. आणि तीच तारीख माझ्या पासपोर्टची. उन्हाळ्यात भारतातून परत आले तेव्हा विमानतळावर पासपोर्ट संपतो तिथपर्यंतच मुक्काम दिला होता. "ही तारीख वाढवून आणा, मग आम्ही वाढवतो," म्हणाल्या. बोलायला गोड हो, पण काम शून्य.

आमच्या गावात डार्टची (डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीची) बस येत नाही. थोरलीचं पोहणं, धाकटीची शाळा, रविवारची मराठी शाळा, सगळं माझ्या गाडीवर. व्हिसाची तारीख लायसनवाले का धरत नाहीत? काय करू?

ऑस्टिनचे_नाना :
पमाताई, लायसनचं नंतर बघू. आधी हे लक्षात घ्या की तुमचा अमेरिकेतला मुक्कामच दोन महिन्यांत संपतोय. व्हिसा फक्त दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतो. ती तारीख उलटून राहिलात तर तो २०२८चा व्हिसाही आपोआप रद्द धरतात.

काउंटरवरच्या बाईंशी भांडून उपयोग नाही. २००५च्या रिअल आयडी कायद्यातच आहे की आपल्यासारख्यांना मुक्कामाच्या तारखेपर्यंतच लायसन द्यायचं. त्या बाई केंद्र सरकारच्या 'सेव्ह' प्रणालीत (मुक्काम कायदेशीर आहे का ते तिथे तपासतात) नाव टाकतात, तिथे दिसेल ती तारीख छापतात.

पहिलं काम पासपोर्ट. टेक्सास ह्यूस्टन वकिलातीच्या हद्दीत येतं, अर्ज व्हीएफएसमार्फत (वकिलातीसाठी अर्ज घेणारी कंपनी). वेळ कमी आहे, तत्काळ मिळतं का बघा. (इतरांनीही ऐका : भारतीय पासपोर्ट संपायच्या वर्षभर आधी रिन्यू करता येतो. भारतात जाण्याआधी करून टाका, ही भानगडच उरत नाही.)

मग दोन वाटा. एक, इथे बसून आय-५३९ (मुक्काम वाढवायचा अर्ज) भरायचा, तोही आय-९४ संपायच्या आत. एच-४ला त्यात प्रीमियम (जादा फी भरून लवकर निकाल) नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने वाट बघणं आलं. अर्ज पडून असताना जे २४० दिवस मिळतात म्हणतात, ते नवऱ्यासारख्या नोकरदाराच्या कामासाठी असतात, तुमच्या लायसनसाठी नव्हे. दुसरी वाट, नवा पासपोर्ट घेऊन अमेरिकेबाहेर जायचं आणि नवा आय-९४ घेऊन परत यायचं. चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोला आपल्याला वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडाला लागतो, म्हणून तो बेत नको. निघण्याआधी नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाच्या कानावर घालाच.

बंडू_बेफिकीर :
एवढा बाऊ कशाला? शाळेपर्यंत दोन मैल तर जायचं. कोण बघतंय? माझा मित्र संपलेल्या लायसनवर मजेत फिरत होता.

अंजू_केटी :
बंडूभाऊ, मागून कोणी ठोकलं आणि पोलीस आला की मित्राला बोलावणार का? इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न लायसनचाच विचारतात. आणि पुढे ग्रीन कार्डाच्या फॉर्मात पोलिसाच्या तिकिटाचा (दंडाच्या पावतीचा) खुलासा कोण लिहिणार? लोकांना असले सल्ले देऊ नका.

पमा, माझंही असंच झालं होतं. आम्ही मेक्सिकोच्या सीमेवरच्या लारेडोहून जाऊन आलो. तुमच्याकडून आय-३५ महामार्ग धरला की सरळ तिथेच पोचता. नवा-जुना दोन्ही पासपोर्ट (व्हिसा जुन्यातच असतो), नवऱ्याच्या आय-७९७ची (एच-१च्या मंजुरीपत्राची) प्रत, लग्नाचा दाखला, सगळं एका फोल्डरात ठेवा. महत्त्वाचं : मेक्सिकोहून महिन्याच्या आत परतलात तर जुन्याच आय-९४वर आत सोडतात. मग सगळी वारी फुकट. नवा पासपोर्ट पुढे करून "मला नवा आय-९४ हवाय" असं स्पष्ट म्हणा. जमिनीवरच्या नाक्यावर त्याचे पैसे पडतात (आधी ६ डॉलर होते, ३० सप्टेंबर २०२५ला ३० झाले). ऑनलाइन आधी भरता येतात. परतताना सीमेवरचा पूल उतरल्यावर पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवून मी आय-९४ची साइट उघडली, तारीख बघितली, मगच चहा घेतला.

दुसऱ्याच दिवशी लायसन ऑफिसात धावू नका. नवी नोंद 'सेव्ह'मध्ये दिसायला थोडे दिवस जातात. नाहीतर 'जादा पडताळणी'त अडकता आणि केसचेकवर (पडताळणी कुठवर आली ते दाखवणारी 'सेव्ह'ची साइट) रोज नंबर टाकत बसावं लागतं. आपलं मर्यादित मुदतीचं लायसन ऑनलाइन होत नाही, अपॉइंटमेंट घ्यावीच लागते. सकाळी लवकर बघा, त्याच दिवसाच्या रद्द झालेल्या जागा तेव्हा मिळतात. फी ३३ डॉलर, लायसन आठ वर्षांचं असो की आठ महिन्यांचं! मध्ये काही दिवस संपलेलं राहिलं तरी परीक्षा परत द्यावी लागत नाही. ते दोन वर्षं उलटली तरच.

कराडची_पमा :
बाप रे, मी लायसन लायसन करत बसले होते. नाना, अंजूताई, खूप आभार. पासपोर्टचा फॉर्म आत्ताच उघडलाय, वकिलालाही मेल टाकते. एकच विचारायचंय : मुली इथे जन्मलेल्या, त्यांचे पासपोर्ट अमेरिकन. त्यांना बरोबर न्यावं का?

अंजू_केटी :
नका नेऊ. नवऱ्याला रजा टाकायला सांगा, तुम्ही एकट्याच जाऊन या. पुलावरची रांग तासन्‌तास हलत नाही, आणि मागच्या सीटवर दोघी "आई, शू" सुरू करतील.