पूरग्रस्तांच्या शाळेत एका बाईला नवरा मारतोय, तिला आधार कसा द्यायचा?

गोदाकाठ_पंचवटी:
गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, तेव्हा नदीकाठची वस्ती मनपाच्या शाळेत आणली. मी तिथे रात्रीच्या जेवणाचं बघते. पोळ्या लाटायला बसणाऱ्या एका बाईच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. विचारलं तर "दार लागलं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना आपणहून बोलली. नवऱ्याचं हातावरचं काम बंद, घरात गुडघाभर गाळ, दारू वाढलीय. वर्गात माणसं झोपलेली असताना तो तिला बाहेर ओढून नेतो. "कुणाला सांगू नका, लेकरं ठेवून घेईल तो," असं म्हणाली. मला सरळ पोलिसांत जावंसं वाटतंय. बाकीचे म्हणतात, नवराबायकोच्या भांडणात पडू नका.

समुपदेशक_सिडको:
ताई, हे भांडण नाही, मारहाण आहे. त्यांचं ऐकू नका. पण तिला न विचारता पोलिसांतही जाऊ नका. गाडी आली की कुणी सांगितलं ते त्याला कळणार, आणि रात्री ती त्याच्याच शेजारी झोपणार. जिवावर बेतलं तर मात्र थेट ११२.

बोलायचं ते पोळ्या लाटतानाच. वेगळ्या खोलीत नेलंत की सगळ्यांच्या नजरा वळतात. "सोडून का जात नाहीस" हे कृपा करून विचारू नका. "आज रात्री कुठे झोपलीस तर धास्ती वाटणार नाही?" एवढंच विचारा. याचं उत्तर तिच्याकडे असतं, आणि ते आजच्या आज करता येतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर चिठ्ठीवर नको, त्याच्या हाती लागेल. तीनच आकडे आहेत, पाठ करून घ्या. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी केंद्र, तिथे ५ दिवसांपर्यंत राहता येतं. मुलगा मोठा असेल तर त्यालाही तिथे ठेवतात का, ते आधी विचारून ठेवा.

बाहेर नेऊन काय करतो, हे खोदून विचारू नका. जबरदस्ती झाल्याचं तिने स्वतः सांगितलं, तर वेळ घालवू नका. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ती सिव्हिलला मिळतात. तक्रार दिली नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. मात्र अशा वेळी डॉक्टर पोलिसांना कळवू शकतात, हे तिला दवाखान्याच्या पायरीवर नाही, निघण्याआधी सांगा.

वकील_नाशिकरोड:
लेकरांच्या भीतीबद्दल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, कलम १९ खाली घरात राहण्याचा आदेश. घर त्याच्या नावावर असलं तरी. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, करता येतो. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर विचारा.

आशा_दिंडोरी:
संडास शाळेच्या मागे आहे का? तिथे बल्ब आणि आतून कडी आहे का, ते आधी बघा. रात्री बायका जोडीने जातील असं ठरवा, सगळ्यांसाठीच, म्हणजे तिच्या एकटीकडे बोट जाणार नाही. बायका-लेकरांसाठी एक वर्ग वेगळा मागा. आणि किट वाटपाचे फोटो ग्रुपवर टाकताना तिचा चेहरा येऊ देऊ नका. पंचनाम्याची मदत बहुतेक नवऱ्याच्या खात्यात जाते, तिचं स्वतःचं खातं आहे का तेही हळूच विचारून ठेवा.

गोदाकाठ_पंचवटी:
बल्ब आज लागला. वेगळ्या वर्गाला मुख्याध्यापिका हो म्हणाल्या, तिथे आजीबाईही झोपणार आहेत, त्यामुळे संशय येणार नाही. नंबर तिने पाठ केला. पण तिचं आधार कार्ड पुरात गेलंय, त्यावाचून अर्ज अडेल का?

वकील_नाशिकरोड:
नाही. आधार नाही म्हणून अर्ज अडत नाही. वळांची तपासणी मात्र लवकर करून घ्या, तिची तयारी असेल तर. केसपेपरवर मार कुणी दिला ते तिच्या शब्दांत लिहायला सांगा, आणि तो कागद शाळेत नको, तुमच्याकडे ठेवा.