मदत हवी आहे: गुडघ्यातला पीव्हीएनएस, शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन कोणते?

नमस्कार मंडळी. फोंड्यातल्या एका तरुण रुग्णासाठी विचारत आहे. उजव्या गुडघ्यात पसरलेला पीव्हीएनएस, म्हणजे सांध्याच्या अस्तराची गाठ. कर्करोग नव्हे, पण फार हट्टी. सुईने काढलेले पाणी कोकमाच्या आगळासारखे गडद, एमआरआयच्या ग्रेडियंट एको चित्रात (लोह ठळक दाखवणारा प्रकार) हिमोसिडरिनचे, म्हणजे जुन्या रक्तातून साठलेल्या लोहाचे, काळे डाग. दुर्बिणीने पुढचे अस्तर काढले, क्रूसिएटच्या (गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधांच्या) मागचे राहिले, आणि दुखणे तिथूनच परतले.

आता मागून उघडी शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर बाहेरून रेडिएशन द्यावे (साधारण ३६ ग्रे, रोज १.८ ते २ ग्रे; ग्रे हे किरणमात्रेचे एकक), की सांध्यात यिट्रियम-९० हे किरणोत्सर्गी औषध सुईने सोडावे? यिट्रियमचे किरण काही मिलिमीटरच शिरतात. जाड गाठ उरली तर ते पुरे पडत नाही, आणि सुईच्या वाटेने गळले तर कातडी जळते. बाहेरचे रेडिएशन जखम भरून गुडघा नीट वाकू लागेपर्यंत नकोच, असे माझे मत. नाहीतर सांधा आखडतो.

यिट्रियमची सोय गोव्यात कुठे आहे, की मुंबईच गाठावी लागेल? शस्त्रक्रियेनंतर किती आठवडे थांबता? तरुण वयात किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा थोडा धोका असतो, तो घरच्यांना कसा समजावता? कुणी पेक्सिडार्टिनिब (या गाठीवरचे तोंडी औषध, यकृताला इजा करू शकते) दिले असेल तर यकृताच्या तपासण्या किती दिवसांनी केल्या, तेही कृपया लिहा.