संगीत-व्हिडिओच्या संकलनासाठी स्वतंत्र पुरस्कार असावा का?

पडद्यामागे (धागालेखक)

अमेरिकेतील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांमध्ये संगीत-व्हिडिओसाठी जो पुरस्कार दिला जातो, त्याचे मानकरी तिघे असतात: कलाकार, दिग्दर्शक आणि निर्माता. ज्याने ती तीन-चार मिनिटे प्रत्यक्ष जुळवली, त्या संकलकाला त्यात वाटा नसतो. हे मला अन्यायाचे वाटते आणि त्याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. चित्रपटाचा संकलक दृश्य लांबवू शकतो, आखडू शकतो, प्रसंगी काढूनही टाकू शकतो; गाण्याच्या संकलकाला ही मुभा नसते, कारण ध्वनिफीत आधीच पक्की झालेली असते आणि तिचा प्रत्येक क्षण चित्राने भरावाच लागतो. सेटवर प्लेबॅक, म्हणजे आधीच मुद्रित केलेले गाणे, लावून तीच ओळ पुन्हा पुन्हा चित्रित केलेली असते. त्यातला कोणता टेक (एका वेळचे चित्रण) घ्यायचा, ओठांची हालचाल किती वेळ दाखवायची, कट ठेक्यावर द्यायचा की ठेक्याच्या किंचित आधी, हे सारे निर्णय संकलनाच्या टेबलावर होतात.

एमटीव्ही या अमेरिकी संगीतवाहिनीने हे फार लवकर ओळखले होते. १९८४ साली झालेल्या पहिल्याच व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्समध्ये संकलनाचा वेगळा पुरस्कार होता आणि तो जॅझ संगीतकार हर्बी हॅनकॉक यांच्या 'रॉकिट'ला मिळाला. त्या व्हिडिओत जिम व्हायटिंग यांचे यांत्रिक पुतळे आहेत, आणि तबकडी मागे-पुढे घासल्याचा आवाज येतो त्याच लयीत चित्रही मागे-पुढे झटके घेते. तिथे संकलन हे जणू आणखी एक वाद्यच झाले आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून दिल्या जाणाऱ्या यूके म्युझिक व्हिडिओ अवॉर्ड्समध्येही संकलनाची दखल घेतली जाते. मग इतरांनी ती का घेऊ नये?

कातरवेळ

धागालेखकांची कळकळ पोहोचली, परंतु त्यांनी दिलेले पहिलेच उदाहरण त्यांच्या विरोधात जाते. 'रॉकिट'चे दिग्दर्शन केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम यांचे होते. हे दोघे मुळात 'टेन सीसी' या बँडमधले संगीतकार, आणि संकलनाच्या श्रेयातही त्यांची नावे आहेत. म्हणजे ज्या झटक्यांचे कौतुक आपण संकलन म्हणून करत आहोत, ते दिग्दर्शकांच्याच डोक्यातून आलेले होते. गाण्याच्या व्हिडिओत कल्पना, चित्रीकरण आणि कट यांची फारकत करणे बहुतेक वेळा कृत्रिम असते.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा पुरस्कार दिसणाऱ्या कटांना मिळतो, न दिसणाऱ्या संयमाला मिळत नाही. १९९० चे निकाल पाहा. त्या वर्षी एमटीव्हीचा संकलनाचा पुरस्कार मॅडोनाच्या 'व्होग'ला मिळाला. डेव्हिड फिंचर यांनी दिग्दर्शित केलेला तो कृष्णधवल व्हिडिओ देखणा आहे, त्यातल्या ऐटदार मुद्रा तालावर नेमक्या बसतात, याबद्दल वाद नाही. पण वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ म्हणून ज्याची निवड झाली, तो शिनेड ओ'कॉनर यांचा 'नथिंग कंपेअर्स टू यू' बहुतांशी एका चेहऱ्यावर स्थिरावलेला आहे. ओघळणाऱ्या अश्रूच्या वेळी कात्री न लावण्याचा निर्णय मला त्या वर्षीचा सर्वांत मोठा संकलकीय निर्णय वाटतो, आणि संकलनाच्या पुरस्काराने त्याला ओळखले नाही.

पडद्यामागे

१९९० च्या निकालाबद्दल आपले दुःख मलाही मान्य आहे. मात्र त्यातून पुरस्कारच नको हा निष्कर्ष निघत नाही. परीक्षकांची नजर अधिक सूक्ष्म हवी, एवढाच निघतो. त्या व्हिडिओत चेहऱ्याच्या मध्ये पॅरिसजवळच्या उद्यानात चालणाऱ्या शिनेडची दृश्ये येतात आणि आपण पुन्हा चेहऱ्याकडे परततो. बाहेर कधी पडायचे आणि परत कधी यायचे, हे ज्याने ठरवले त्याच्यामुळेच तो अश्रू आपल्यापर्यंत अखंड पोहोचतो. ही दाद आपण स्वतःच दिली आहे. मी फक्त तिला नाव द्या म्हणतो.

शिवाय परीक्षक नेहमीच वेगाला भुलतात, असेही नाही. २००९ साली हाच पुरस्कार बियॉन्सेच्या 'सिंगल लेडीज'ला मिळाला. तीन नर्तकी, रिकामी पार्श्वभूमी आणि पाहणाऱ्याला सलग एकच टेक वाटावा अशी रचना. वेगवेगळे टेक प्रकाशाच्या बदलांमध्ये आणि कॅमेऱ्याच्या हालचालींमध्ये बेमालूम सांधले आहेत. नर्तकीचा दम, तिच्या शरीराचा भार, पावलांची जागा हे सारे सांध्याच्या दोन्ही बाजूंना जुळावे लागते आणि त्यात तसूभर चूक झाली तरी नृत्य अडखळलेले दिसते. ही न दिसणारी कारागिरी आहे आणि तिला पुरस्कार मिळालेला आहे.

तालमग्न

मला कातरवेळ यांच्यापेक्षा वेगळ्या कारणाने विरोध करायचा आहे. पुरस्काराने संकलकाचे भले होते, हे गृहीत मला पटत नाही. १९९५ साली वीझर या रॉक बँडच्या 'बडी हॉली' या व्हिडिओला संकलनाचा पुरस्कार मिळाला. जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील दृश्ये आणि नव्याने चित्रित केलेला बँड यांची गुंफण त्यात इतकी सफाईदार आहे की बँड त्या काळातच वावरतो असे वाटते. त्याचे संकलक एरिक झुमब्रुनेन पुढे 'बीइंग जॉन मालकोविच' या १९९९ च्या चित्रपटाचे संकलक झाले. पण त्या चित्रपटाचे दिग्दर्शक कोण होते? 'बडी हॉली'चेच स्पाइक जोन्झ. म्हणजे त्यांना पुढे नेले ते दिग्दर्शकाच्या विश्वासाने. पुरस्काराच्या यादीत तर आधी बँडचे नाव येते आणि संकलकाचे त्याच्या मागे.

आपल्याकडची स्थिती याहून बिकट आहे. यूट्यूबवर येणाऱ्या मराठी गाण्यांच्या खाली संकलकाचे नाव अनेकदा शोधावे लागते आणि काही वेळा ते नसतेच. आधी नाव आणि वेळेवर मानधन मिळू द्या, पुरस्काराचे नंतर पाहू.

निळी शाई

मी मुंबईत गाण्यांचे संकलन करते, म्हणून दोन्ही बाजूंशी माझा रोजचा संबंध येतो. तालमग्न यांचे नाव आणि मानधनाबद्दलचे म्हणणे अगदी खरे आहे, पण 'आधी हे, नंतर ते' हा क्रम मला मान्य नाही. पुरस्कारासाठी प्रवेशिका भरताना संकलकाचे नाव लिहावेच लागते, आणि एकदा ते लिहिण्याची सवय लागली की श्रेयनामावलीतून ते गाळणे कठीण होते. चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संकलनाचा विभाग आहे म्हणूनच 'परिंदा'साठी रेणू सलुजा यांचे नाव त्या यादीत कायमचे नोंदले गेले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून बाहेर पडलेल्या या संकलिकेचे नाव आमच्या पिढीला घडवणारे ठरले. गाणी कापणाऱ्यांना असे नाव कुठे सापडते?

कातरवेळ यांच्या पहिल्या आक्षेपाबद्दल एवढेच सांगते, की दिग्दर्शक स्वतः संकलन करत असेल तर त्याने तो पुरस्कार संकलक म्हणून घ्यावा. त्यात अडचण काय आहे? माझी खरी अडचण निराळी आहे. परीक्षकाला केवळ तयार व्हिडिओ दिसतो. मला काय मिळाले होते, किती टेकमध्ये ओठ जुळत नव्हते, कोणता शॉट सेटवर राहूनच गेला, हे त्याला कळत नाही. भरपूर आणि सुंदर फुटेज मिळालेला संकलक आणि तुटपुंज्या फुटेजमधून गाणे उभे करणारा संकलक यांची तुलना त्यामुळे अपुरी राहते. प्रवेशिकेसोबत एका कडव्याचे मूळ टेक सादर करण्याचा नियम केला, तर ही उणीव पुष्कळशी भरून निघेल.

कातरवेळ

निळी शाई यांची सूचना या धाग्यातली सर्वांत ठोस सूचना आहे, तरीही ती अमलात कशी येईल याची मला शंका आहे. कच्चे फुटेज संगीत कंपनीच्या मालकीचे असते, आणि आपल्या तारकेचा फसलेला टेक परक्या माणसांना दाखवायला कोणती कंपनी तयार होईल? गायिकेचीही त्याला हरकत असू शकते आणि ती रास्तच असेल.

निळी शाई

हरकत रास्त आहे, म्हणून फसलेले टेक नकोत. ज्या कडव्याचे टेक दाखवायचे ते संकलक आणि कलाकार यांनी मिळून निवडावे, ते फक्त परीक्षकांच्या खोलीत दाखवले जावेत आणि तिथून बाहेर जाऊ नयेत. सर्वच कंपन्या मान्य करणार नाहीत, हे मी जाणते. ज्या करतील त्यांच्यापासून सुरुवात करता येईल.

तालमग्न

या अटीवर माझा विरोध मी अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा मानधनाबाबत आहे आणि तो कायम आहे.