मदत हवी आहे: पुण्याहून एका दिवसाची सहल, पायऱ्या नसलेली

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळले पण सगळे एकतर ट्रेकवाल्यांचे नाहीतर रिसॉर्टवाल्यांचे, म्हणून नवीन काढतेय. आधी असा धागा झाला असेल तर लिंक द्या.

सासू-सासरे आता आमच्याकडेच असतात. सासूबाईंचा उजवा गुडघा बदललाय, डावा ओरिजिनल आहे आणि तोच जास्त छळतो. सपाटीला काठी घेऊन व्यवस्थित चालतात, पण पायऱ्या दिसल्या की "तुम्ही जाऊन या, मी बसते गाडीत" सुरू होतं आणि मग आमचाही पाय निघत नाही. खाली बसणं नाही, उकिडवं तर अजिबातच नाही, त्यामुळे कमोड हवाच. सासऱ्यांना शुगर आहे, जेवण एक म्हणजे एकला लागतं. मुलगी आठवीत, तिची अट "नुसती देवळं नकोत". धाकटा साडेचार वर्षांचा, घाट लागला की त्याला गाडी लागते आणि तो आधी सांगत नाही.

नवऱ्याचं म्हणणं लोणावळा. रविवारी लोणाळ्याला जायचं म्हणजे सहल एक्सप्रेसवेवरच साजरी करायची, त्यामुळे ते मी बाद केलंय. सिंहगड, खडकवासला चौपाटी तेच. १ जानेवारीला नवऱ्याला सुट्टी आहे, तेव्हाच जाऊन येऊ असं डोक्यात आहे. सात सीटची गाडी आहे, एका बाजूला दोन-अडीच तासांपेक्षा जास्त नको. मुक्काम नको, कारण सासऱ्यांना त्यांच्याच गादीवर झोप लागते.

चार स्पॉट उरकणारी ट्रिप नकोय. एके ठिकाणी सावलीत बसलो, पोरं हुंदडली, वेळेवर जेवलो, आलो. असं काही आहे का?

भन्नाट भटक्या

सकाळी सहाला निघा, वाईचा ढोल्या गणपती, मग मेणवली, मग पाचगणी टेबललँड, महाबळेश्वरला लंच, संध्याकाळी परत. आम्ही नेहमी करतो. मस्त होतं एका दिवसात.

मनीमाऊ

भन्नाट, धागा वाचलात का हो? पसरणी घाटात त्या पोराचं काय होईल :) 

पण वाईपर्यंतच जाऊन थांबायची कल्पना वाईट नाही. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आठवीतल्या मुलीला आवडेल, आणि तिथली ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चमधून आलेली आहे म्हणतात. मात्र घंटा घाटाच्या बाजूला आहे, तिथे पायऱ्या आहेतच. आजींना वरच थांबावं लागेल आणि तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय. शिवाय शनिवार-रविवारी खंबाटकीत अडकलात तर एकचं जेवण तीनला.

सासवडचा पाव्हणा

ताई, दिवे घाटातून आमच्याकडे या. घाट आहे पण लांबीला कमी, आणि पोराला पुढे बसवून खिडकी उघडी ठेवली तर निभतं. सासवड, तिथून नारायणपूर, मग केतकावळ्याचा बालाजी, पुढे कापूरहोळला सातारा रोडला लागायचं आणि जाता जाता नसरापूरला बनेश्वर. एक पूर्ण गोल होतो, आल्या रस्त्याने परत जायला नको.

आता पायऱ्यांचं सांगतो, कारण लोक सांगत नाहीत. बालाजीला आतला परिसर सपाट, फरशी केलेली, स्वच्छता चांगली, प्रसादाचं जेवण मिळतं. पण पार्किंगपासून चालायचं बऱ्यापैकी आहे आणि मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कोण कुठे भेटणार ते आधीच ठरवून ठेवा. नारायणपूरला गुरुवारी आणि पौर्णिमेला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. बनेश्वर हे नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, झाडी भरपूर, पोरांना हुंदडायला जागा. आमच्या सासवडात संगमेश्वर आणि चांगावटेश्वर दोन्ही बघण्यासारखी आहेत पण पायऱ्या आहेत, आजींना नका नेऊ. जेजुरी तर विचारूच नका, नवलाख पायरी नुसती म्हणायला नाही.

जमलं तर पुरंदरचे अंजीर घ्या, पण हाताला मऊ लागणारे बघून, कडक घेतले तर घरी जाऊन पिकत नाहीत.

कोथरूडकरीण

पाव्हणं, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. पण ही यादी मुलीला वाचून दाखवली तर म्हणाली "आई, चारातली चार देवळं आहेत" आणि तिचं चूक नाही. बनेश्वर वेगळं कधीतरी नक्की करेन, डबा घेऊन. बाकीच्यांना विचारते, देवळाशिवाय काही?

पाणकावळा

भिगवण!! हेच दिवस आहेत. सोलापूर रोडने साधारण १०० किमी, घाट नाही, रस्ता सरळ, पोराला गाडी लागायचा प्रश्नच नाही. उजनीचं बॅकवॉटर जसं ओसरायला लागतं तसा चिखलपट्टा उघडा पडतो आणि रोहित उतरतात, म्हणजे फ्लेमिंगो. जानेवारी ते मार्च बहर. त्याशिवाय पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाट्या, शराटी, सगळी जत्रा असते. मुलीच्या हातात एक दुर्बीण द्या, देवळांचा विषय परत काढणार नाही. कुंभारगावात घरगुती जेवण मिळतं, मासे खात असाल तर चिलापी फ्राय सोडू नका.

मनीमाऊ

पाणकावळे, आजी होडीत कशा चढणार ते सांगा.

पाणकावळा

हो, ती अडचण आहे खरी. मासेमारीच्या होड्या असतात, काठ उंच, आत फळी आणि ती खाली. काठाशी चिखल असतो, दोघांनी धरूनही बदललेल्या गुडघ्याने पाय उचलून आत टाकणं रिस्की आहे. काठावरून पक्षी दिसतात पण लांब. आणि पहाटेच पोचावं लागतं, ऊन चढलं की झळा मारतात, फोटो येत नाहीत, पक्षीही सरकतात आत. म्हणजे घरून साडेचार-पाचला निघायचं. शुगरवाले आजोबा आणि साडेचार वर्षांचं पोर घेऊन... बघा तुम्हीच. मी असतो तर मुलीला आणि तिच्या बाबांना दोघांनाच पाठवलं असतं एखाद्या शनिवारी.

कोथरूडकरीण

हे फार आवडलं, बापलेकीला पाठवते. ती आयडिया वेगळी नोंदवून ठेवली. आता सहा जणांसाठी?

शिरूरवाला

हुरडा. विषय संपला.

बरं, नीट लिहितो. नगर रोडने शिक्रापूरला आत वळलं की पाबळ, कान्हूर मेसाईच्या बाजूला मोराची चिंचोली. गावात चिंचेची झाडं आणि मोर, नावातच आहे सगळं. बरीच कृषी पर्यटन केंद्रं झालीत आता. सकाळी नाश्ता, मग बैलगाडी, ट्रॅक्टरची चक्कर, विटीदांडू, झोके, दुपारी भाकरी-पिठलं-ठेचा, चारला परत चहा. सीझनला शेतातच आगटी पेटवून हुरडा भाजून देतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, रेवड्या. दिवसभर एकाच जागी राहायचं, कुठे फिरायचं नाही. तुम्हाला हेच पाहिजे ना.

वाणाचं विचारून घ्या. सुरती असेल तर दाणा सहज सुटतो आणि गोड लागतो, गूळभेंडी पण चांगली. नुसतं "हुरडा आहे" म्हणणाऱ्याकडे कधीकधी निबर झालेली कणसं असतात, आजोबांच्या दातांना झेपायची नाहीत. सासऱ्यांना शुगर म्हणालात, तर हुरड्यावर बेताने, आणि गूळ-रेवडीच्या ताटलीपासून त्यांची खुर्ची लांब :)

मुलीला देऊळ नको पण सासूबाईंना हवं असेल तर जाताना रांजणगावचा महागणपती करता येईल. हायवेलाच आहे, पार्किंगपासून जवळ, चढ नाही. तिथून थोडं मागे येऊन चिंचोली. फक्त संकष्टी नाही ना बघून घ्या कॅलेंडरात.

पाणकावळा

एक सांगून ठेवतो, पोरांना "मोर नाचताना बघायला जाऊ" असं सांगून नेऊ नका. नाच पावसाळ्यात असतो, त्यांचा विणीचा हंगाम तेव्हा. पावसाळा संपता संपता पिसारा गळतो आणि जानेवारीत पुरता आलेला नसतो. मोर दिसतील, भरपूर, पण शेपटी आखूड. आणि दिसतात ते सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर. भर दुपारी बाराला पोचून "मोर कुठायत" विचारणारे दर रविवारी असतात.

फिजिओताई

इथे सगळे प्रेक्षणीय काय ते सांगताहेत, मी बसायचं सांगते. शेतावरच्या पार्टीत जेवण चटईवर किंवा बाजेवर असतं. बाज बुटकी, मधे झोळ पडलेली, तिच्यावरून उठताना नवा गुडघा नाही पण जुना नक्की कुरकुरणार. फोन करून हातवाल्या खुर्च्या आणि टेबलावर जेवण मिळेल का विचारा. प्लॅस्टिकची खुर्ची शेतातल्या भुसभुशीत जमिनीत एका बाजूला रुतते, ती फरशीवर किंवा घट्ट जागेवरच ठेवा. घरून एक उंच उशी घ्या, खुर्ची बुटकी निघाली तर उपयोगी पडते.

गाडीत त्यांना पुढची सीट, पूर्ण मागे सरकवून. तासाभराने थांबून चार पावलं चालवा, नाहीतर उतरताना गुडघा आखडलेला असतो. मधली सीट देऊ नका, सात सीटच्या गाड्यांत चढायची पायरी उंच असते. आणि टॉयलेट "आहे" म्हणाले तरी "कमोड आहे का, आत धरायला काही आहे का, किती लांब आहे, वाटेत पायऱ्या किती" हे सगळं विचारायचं. फोनवर सगळं "हो ताई" असतं, फोटो मागवा व्हॉट्सॅपवर.

भन्नाट भटक्या

एवढं सगळं करण्यापेक्षा आजी-आजोबांना एक दिवस नातेवाईकांकडे ठेवून पोरांना घेऊन जा, सगळ्यांनाच सोपं.

मनीमाऊ

भन्नाट, धागा पुन्हा वाचा. या खेपेला चष्मा लावून.

कोथरूडकरीण

:) राहू दे मनीमाऊ, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पण सहल निघालीच आहे मुळी सासूबाईंसाठी. ऑपरेशनपासून त्यांनी दवाखाना आणि आमची गॅलरी याशिवाय काही पाहिलं नाहीये, त्या काही बोलत नाहीत तो भाग वेगळा.

शिरूरवाले, हुरडा एकमताने पास झाला घरात. सासरे तर जुन्या शेताच्या गोष्टी सांगत सुटलेत तेव्हापासून. १ तारखेलाच जातो. वाघोलीचं ट्रॅफिक किती वाजता सुरू होतं?

शिरूरवाला

थांबा थांबा, १ जानेवारी म्हणालात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी नगर रोड धरू नका. पेरणे फाट्याला जयस्तंभाच्या अभिवादनाला लाखो लोक येतात, १८१८ च्या कोरेगाव भीमाच्या लढाईचा तो दिवस. त्या पट्ट्यातली वाहतूक वळवतात, आदल्या दिवसापासूनच बदल सुरू होतात आणि ते वळसे तुमच्या पोराला आणि आजोबांच्या जेवणाला परवडणारे नाहीत. दुसरा कुठलाही दिवस घ्या.

तसंही १ तारखेला हुरडा नुकता लागलेला असतो, संक्रांतीच्या आसपास जास्त चांगला. शनिवार मिळत असेल तर शनिवार, रविवारी केंद्रांवर कंपन्यांचे ग्रुप असतात, डीजे लावतात काही ठिकाणी. बुकिंग करताना हेही विचारा, स्पीकर आहे का म्हणून.

वाघोली साडेसातच्या आत ओलांडा. येताना चारचा चहा झाला की लगेच निघा, सूर्यास्त बघत बसलात तर सगळा शहराकडे परतणारा लोंढा तुमच्याच पुढे.

कोथरूडकरीण

बरं झालं विचारलं! नवऱ्याला म्हणाले संक्रांतीनंतरच्या शनिवारी रजा टाक, टाकतोय.

दोन केंद्रांना फोन करून झाले. पहिल्याने खुर्च्या, टेबल, कमोड सगळ्याला "हो" म्हटलं आणि फोटो मागितल्यावर गप्प. दुसऱ्या बाईंनी स्वतःहून सांगितलं की कमोड घरातला आहे, शेतापासून शंभरेक पावलं, वाट सपाट आहे पण दोन पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे त्यांच्याच सासूसाठी कठडा लावलाय. जेवण आधी सांगितलं तर पाऊणलाच वाढतील म्हणाल्या. त्यांनाच ॲडव्हान्स पाठवला. स्पीकर नाही, वायफाय पण नाही, त्यामुळे मुलीचं तोंड थोडं वाकडं आहे. तिला पाणकावळ्यांची यादी दिलीय पक्ष्यांची, बघू.

रांजणगाव गाळलं. सासूबाईच म्हणाल्या, रांगेत उभं राहण्यापेक्षा शेतात बसते.

फिजिओताई

दोन पायऱ्यांना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. त्यांच्या बाबतीत दुखरा म्हणजे डावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

मनीमाऊ

कोथरूडकरीण, आमच्याकडेही अशीच वरात आहे, फक्त आजींच्या जागी आजोबा. त्या बाईंच्या केंद्राचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का प्लीज, इथे नको, नाहीतर तुमच्याच शनिवारी अख्खा धागा तिथे उगवायचा.

कोथरूडकरीण

केलाय व्यनि. शनिवार मात्र वेगळा घ्या हं.