एचबी (हिमोग्लोबिन) ९.१ आलंय, गोळ्यांनी पोट बिघडतं, बंद करू का?

बदलापूर_फास्ट:
नमस्कार, वय ३१, चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात ऑफिसात रक्तदान शिबिर होतं, मी हौसेने लाईनीत उभी राहिले तर बोटाला टोचून बघितलं आणि म्हणाले मॅडम तुमचं रक्त घेता येणार नाही, १२.५ लागतं आणि तुमचं ९.१ आहे. दादरचा ब्रिज चढताना धाप लागते ती मी इतके दिवस गर्दीवर ढकलत होते. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या बायकांना एवढं असतंच, बीट खा, गूळ खा. डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्यात पण पोट साफ होत नाही, शी काळी होते, मळमळतं. सकाळी चहाबरोबर घेते, नाहीतर विसरायला होतं. गोळ्या बंद करून नुसत्या बीटच्या ज्यूसवर भागेल का?

हळिवाचा_लाडू:
अगं बंद नको करूस. आधी सांग पाळीत किती जातं? मला विचारलंच नव्हतं कुणी, चार वर्षं मी गोळ्या खातेय, एचबी १० वर जातं आणि परत ८ वर येतं, मी आपली खजूर खातेय हळीव खातेय, शेवटी एका डॉक्टर बाईंनी विचारलं दिवसाला पॅड किती लागतात, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का. सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, निघाले. मला वाटायचं सगळ्यांनाच एवढं जातं, आईला पण जायचं ना. नळ उघडा ठेवून बादली भरत होते मी. तेवढं नक्की विचारून घे.

परळची_नर्स:
ताई, हॉस्पिटलात रोज हेच बघते म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे चहा. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगाला फार कमी लागतं, गोळी आणि चहा यात निदान दोन तास ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळेला. शी काळी होणं हे गोळीमुळेच, घाबरू नका. पोटाला फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारा एक दिवसाआड चालेल का, एक डोस घेतला की शरीर साधारण दिवसभर पुढचं लोह कमी शोषतं, म्हणून बऱ्याच जणींना एक दिवसाआड घेऊनही चांगलं लागतं आणि त्रास कमी होतो. पण गरोदर असाल तर रोजच. आणि एचबी १२ झालं की लगेच सोडू नका, पुढे तीनेक महिने चालू ठेवायच्या, साठा भरायला वेळ लागतो.

बीट लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं असं नाहीये हो, त्यात लोह फारच थोडं. हळीव, डाळी-उसळी वर लिंबू पिळून, खात असाल तर कलेजी, सुकट. पण ९.१ नुसत्या खाण्याने भरून यायला फार काळ जाईल.

अजून एक, सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, कागद नीट बघा. पेशी लहान आहेत आणि गोळ्या नीट घेऊनही एचबी वाढत नाही असं असेल तर एचबीए२ ची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) टेस्ट करून थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष, नाही ना बघावं लागतं, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर मिस्टरांची पण. शाकाहारी असाल तर बी१२ पण.

आणि "बायकांना असतंच" याचा मला खरंच राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, त्याच्या आधीच्या पाहणीत ५३ होता, म्हणजे वाढलाच. पुरुषांत २५. सगळ्यांना आहे म्हणून तो नॉर्मल होत नाही.

गिरणगावचा_नातू:
यातलं एक फार लोकांना माहीत नाही. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या होत्या, गिरणीकामगार गरोदर बायकांमधला रक्तक्षय शोधायला. त्यातल्या बऱ्याच बायकांना नुसतं लोह देऊन उपयोग होत नव्हता, पण यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने रक्त भरायला लागलं, १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यातलं औषधी तत्त्व म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक अॅसिड. आज गरोदर बायकांना मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम ते असतं. माझी आजी गिरणीत होती, म्हणून मला याचं फार वाटतं.

बदलापूर_फास्ट:
सगळ्यांचे खूप आभार. चहा आता गोळीनंतर दोन तासांनी, ऑफिसात पोचल्यावर, मळमळ बरीच कमी आहे. पाळीत पहिले दोन दिवस सहा-सात पॅड लागतात, मी पण हे नेहमीचंच समजत होते, शनिवारी सोनोग्राफी आहे. सासूबाईंना पण बरोबर नेलं, त्यांचं ८.६ निघालं! त्यांना माझ्याच गोळ्या देऊ का?

परळची_नर्स:
नको, थांबा. पाळी बंद झाली असेल ना त्यांची? मग रक्त कुठून तरी जातंय का हे आधी बघायला लागेल, पोटातून, मूळव्याधीतून, गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खातात का तेही विचारा. याच आठवड्यात फिजिशियनला दाखवा, आणि काय निघालं ते इथे कळवा.