मदत हवी आहे : पाखरं-डुकरं हाकलायला आवाजाचं मशीन कोणतं घ्यावं?

राम राम मंडळी, मंगळवेढ्याजवळ आमची चार एकर मालदांडी ज्वारी, हुरड्यात आली की दिवसा पाखरं अन् रात्री रानडुकरं, गोफण मारून मारून वडलांचा खांदा गेलाय. अमेरिकेत शिकारी लोक कोल्हे-कावळे बोलवायला रिमोटचा कॉलर (जनावरांचे आवाज काढणारं मशीन) वापरतात तसलंच पण उलटं हवंय, ससाण्याचा, कुत्र्यांचा आवाज काढून पळवणारं (शिकार नाय करायची, १९७२ चा वन्यजीव कायदा माहितीय). मेमरी कार्डात आपले आवाज टाकता येतात का, बॅटरी रात्रभर टिकते का, रिमोट उभ्या ज्वारीतनं लांबवर चालतो का? एकच आवाज ठेवला की पाखरं सरावतात, गेल्या साली भोंगा लावला तर कावळा त्याच्यावरच बसला! सोलापुरात कुठं बघायला मिळेल?